हात लावायचा नाही

दिशा तांडेलला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. तिच्या एजन्सीला हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या तक्रारी ऐकून ऐकून तिथल्या बाई तिचं नाव निघालं तरी कपाळाला हात लावत. पण घरी जाऊन आजारी मुलांची काळजी घेणारी नर्स, तीही गळ्यात ट्यूब असलेली मुलं हाताळणारी, काही भाजीसारखी बाजारात मिळत नाही. म्हणून एजन्सी दिशाचा स्वभाव पोटात घालायची आणि ज्या घरात दुसरी सिस्टर टिकत नाही तिथे तिला धाडायची. लालबागच्या घाडींचं घर त्यांतलंच एक.

घाडींची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला होता. गिरणीत उभा जन्म काढलेल्या गणपत घाडींना जिवंतपणी जी ऐसपैस जागा मिळाली नाही, ती आता त्यांच्या फोटोला मिळाली होती. फोटोखाली राहायची त्यांची बायको रखमाआजी, मुलगा निलेश, सून आकांक्षा आणि नात मनवा.

मनवा चार वर्षांची. दिवस भरायच्या आधीच जन्मली, कितीतरी महिने इस्पितळात मशीनवर राहिली आणि त्या मशीनच्या नळीनेच तिची श्वासनलिका आतून आक्रसली. डॉक्टरांनी गळ्याच्या खळगीत भोक पाडून एक बारीक, वाकडी ट्यूब बसवली. मनवाचा श्वास नाकातोंडाने नव्हे, त्या ट्यूबमधून चालायचा. त्यामुळे तिला आवाज नव्हता. रडली तरी नुसता वासलेला जबडा आणि डोळ्यांतून धारा. कुणाला बोलवायचं असलं की ती पलंगाच्या कठड्यावर दोनदा टकटक करायची. ही टकटक तिला दिशाने शिकवली होती आणि ती ऐकून धावायचीही दिशाच. आकांक्षाच्या कानावर पडली तर ती जागेवरूनच म्हणायची, "सिस्टर, बघा हो जरा, मनवा बोलावतेय."

खरं दुखणं इथेच होतं. ट्यूबमध्ये कफ साठला की छोट्या मशीनने तो ओढून घ्यायचा. त्याला सगळे सक्शन म्हणत आणि ते आकांक्षाला यायचं. पण कफ सुकून आत बुचासारखा घट्ट बसला, तर सक्शन काही कामाचं नाही. मग ट्यूब तिथल्या तिथे काढायची आणि नवी घालायची. घरात जो असेल त्यानेच घालायची, कारण डॉक्टर येईपर्यंत पोर हाती लागत नाही. दिशा सकाळी यायची, संध्याकाळी जायची. ती गेली की दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या घरात ट्यूब बदलू शकणारं एकही माणूस नव्हतं.

निलेशला ते भोक बघूनच भोवळ यायची. आजींचे हात कापायचे. राहता राहिली आकांक्षा. इस्पितळातून सोडताना तिला शिकवलं होतं. एकदाच तिने ट्यूब हातात घेतली, मनवा निळी पडायला लागली, आकांक्षा किंचाळून मागे सरली आणि तिथल्या नर्सने ट्यूब तिच्या हातून हिसकावून घेतली. तेव्हापासून तिने त्या कामावर पाणी सोडलं होतं. लोअर परळच्या कुठल्याशा कंपनीचं काम ती घरात बसून करायची. ट्यूब बदलायचा दिवस आला की नेमका ऑफिसचा फोन यायचा, नाहीतर डोकं दुखायला लागायचं.

"आज तुम्ही घाला, ताई," दिशा म्हणायची. "मी शेजारी उभी आहे."

"तुम्ही आहात ना? मग मी कशाला?"

"रात्री मी नसते."

"रात्री आतापर्यंत काही झालंय का?"

या वाक्याने दिशाच्या डोक्यात तिडीक जायची. तिने गोड बोलून पाहिलं. गोड बोलायची सवय नसल्यामुळे तेही टोचून बोलल्यासारखं ऐकू गेलं. मनवाच्या जुन्या बाहुलीच्या गळ्याला भोक पाडून तिच्यावर शिकवायचा घाट घातला, तर आकांक्षाने ती बाहुली कपाटावर टाकून दिली. शेवटी एके दिवशी दिशाने तोंडावर सांगितलं, "एखाद्या रात्री ही पोर तुमच्या डोळ्यांदेखत जाईल आणि तुम्ही मला फोन लावत बसाल." त्यानंतर आकांक्षा कितीतरी दिवस तिच्याशी धड बोलली नाही. चहा तेवढा वेळच्या वेळी यायचा, कप टेबलावर आपटून.

अशात गणपती आले. मनवा इस्पितळातून जिवंत घरी आली तर पाच वर्षं घरात गणपती आणीन, असा नवस रखमाआजींनी बोलला होता. घाडींचा मूळ गणपती मालवणकडे गावी. तो दिरांकडे सोडून आजी यंदा दुसऱ्या वर्षी लालबागच्या घरात, हॉलमध्ये नवसाचा गणपती मांडून बसल्या होत्या. आणि गणपतीत लालबागला अँब्युलन्सच काय, मुंगीलाही वाट काढावी लागते. दर्शनाच्या रांगा पुलाखालून गल्लीबोळांत शिरलेल्या, रस्ते बांबू लावून अडवलेले. दिशाने हेही महिनाभर आधीपासून बजावलं होतं. "त्या दिवसांत काही झालं तर कुणी वर येऊ शकणार नाही," असं तिने निलेशला सांगितलं. निलेश मंडळाचा कार्यकर्ता. तो म्हणाला, "टेन्शन घेऊ नका सिस्टर, आपली पोरं रस्ता मोकळा करतील." जणू श्वास म्हणजे एखाद्या पुढाऱ्याची गाडी.

गणपती बसायच्या आदल्या दिवशी दिशाचा चंदूकाका गेला.

दिशाचा बाप ती रांगत असतानाच वारला होता. तिला वाढवलं ते या काकाने. माहीमच्या कोळीवाड्यात तिला नर्सिंगला घालायची गोष्ट निघाली, तेव्हा सगळं घर नाही म्हणत होतं आणि चंदूकाका एकटा हो म्हणून अडून बसला होता. तो सकाळी जाळं दुरुस्त करता करता बसल्या जागी कलंडला. दिशाने छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, शिकलेलं सगळं केलं. काका परत आला नाही. घरात दहा दिवसांचं सुतक लागलं, तांडेलांचा गणपती यंदा आला नाही. बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या आणि दिशा कोरड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून बसली होती. तिला रडूच येईना.

तिसऱ्या दिवशी घाडींकडे तिच्या बदली गेलेल्या सिस्टरचा फोन आला. कफ फार घट्ट येतोय, मला भीती वाटते, उद्यापासून मी येणार नाही, एवढं बोलून तिने फोन ठेवला. एजन्सीच्या बाई म्हणाल्या, सणाला कुणीच मिळत नाही, तूच बघ. दिशा उठली आणि युनिफॉर्म घालायला लागली. तिची आई तुळसा दारात आडवी झाली.

"लोकांचे घरान सुतक घेवून चालली? लाज नाय वाटं तुला?"

"तिकडं पोर मरंल, आये," दिशा म्हणाली आणि आईला बाजूला सारून निघाली. पाठीमागे आई काय काय बोलत राहिली ते तिने ऐकलं नाही.

घाडींच्या हॉलमध्ये मखर, फुलं, धूप, सगळा थाट होता. दिशा दारातून आत येते तोच आजी म्हणाल्या, "आधी देवाक हात जोड."

हात जोडून मोकळी झाली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण माणसांशी वाट्टेल तसं भांडणारी दिशा देवाशी लबाडी करायला धजली नाही.

"मी लांबूनच, आजी. मला सुतक आहे."

आजींच्या हातातली दूर्वांची जुडी तशीच राहिली. "कितक्या दिसांचा?"

"दहा."

"मगे इलंस कित्याक? माझ्या नवसाचो गणपती आसा घरात." एरवी आजी बऱ्यापैकी मुंबईचं बोलायच्या. राग आला की थेट मालवणी.

कोण गेलं, कधी गेलं, कशाने गेलं, यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. आकांक्षा आतून आली, तिनेही नाही. दिशा क्षणभर वाट बघत उभी राहिली आणि मग तिला स्वतःचाच राग आला की आपण वाट बघितली.

आजींचं म्हणणं, हिला आल्या पावली परत पाठवा. आकांक्षाचं म्हणणं, दुसरी सिस्टर नाहीये. दोघींची दबक्या आवाजात बरीच जुंपली आणि शेवटी तोडगा निघाला. मनवाच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर एक प्लॅस्टिकचं स्टूल आलं.

"तुम्ही इथे बसायचं," आकांक्षा म्हणाली. "आत यायचं नाही. मनवाला हात लावायचा नाही. ट्यूबला नाही, मशीनला नाही. काय करायचं ते तुम्ही बसल्या जागेवरून सांगा, मी करते."

"सगळं?"

"सक्शन करते की."

"ट्यूब बदलायची वेळ आली तर?"

"सणासुदीला तोंडातून वाईट काढू नका, सिस्टर."

आजी गोमूत्राची वाटी घेऊन आल्या आणि दिशा जिथून चालत आली होती तिथे शिंपडत निघाल्या. स्टुलावर शिंपडलं, खोलीच्या दारावर शिंपडलं, मग सक्शनच्या मशीनकडे वळल्या.

"त्याच्यावर नको, आजी. शॉक बसेल."

आजींनी उरलेलं दिशाच्या डब्याच्या पिशवीवर ओतलं.

दिशा स्टुलावर बसली. पलंगावर मनवाने तिला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. तीन दिवस न दिसलेली आपली सिस्टर आली म्हणून तिने कठड्यावर दोनदा टकटक केलं. दिशा सवयीने अर्धी उठली आणि परत बसली. मनवाने पुन्हा टकटक केलं, जरा जोरात. तिला वाटलं असेल, हिला ऐकू आलं नाही. दिशाने हात हलवला, डोळे मिचकावले. पोरगी काही वेळ वाजवत राहिली आणि मग तोंड भिंतीकडे करून पडली. काका गेल्यापासून पहिल्यांदाच तिला कसलं तरी दुःख नीट जाणवलं आणि त्याचं रागात रूपांतर व्हायला फार वेळ लागला नाही.

दुपारच्या आरतीला नातेवाईक जमले. मनवाला जरीचा फ्रॉक घालून हॉलमध्ये आणलं. ट्यूबच्या तोंडावर एक छोटी टोपी असते. आपलं नाक जसं हवा ओलसर करून आत सोडतं, तसं काम ती करते. फोटोत बरी दिसत नाही म्हणून आकांक्षाने ती टोपी काढून टेबलावर ठेवली.

"टोपी लावा, ताई," दिशा स्टुलावरून म्हणाली.

"फोटो होऊ दे."

धुपाचा धूर हॉलभर भरला होता. "धूर थेट आत जातोय तिच्या. टोपी लावा."

"ही कोण?" आजींची चुलत जाऊ बकुळा हिने विचारलं.

"सिस्टर आहे. सुतकात आहे," आकांक्षा म्हणाली. बकुळाबाईंनी साडीचा घोळ आवरून घेतला आणि दोन पावलं लांब सरकल्या. सगळ्यांनी वळून दिशाकडे बघितलं, नको तिथे उगवलेल्या माणसाकडे बघतात तसं.

तिसऱ्यांदा दिशा बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं, ओरडायला हवं होतं. पण अपमान गिळायला तिला वेळ लागत होता. तेवढ्यात पानं वाढली गेली, मनवाला पलंगावर आणून ठेवलं आणि टोपी टेबलावरच राहिली.

जेवणं उरकून पाहुणे गेले. निलेश गळ्यात बिल्ला अडकवून खाली रांगेत लोकांची पोरं उचलून पुढे द्यायला गेला. आजी गणपतीसमोर लवंडल्या. आकांक्षा मनवाच्या खोलीत खुर्चीवर बसून मोबाईलवर फोटो बघत होती.

कठड्यावर टकटक झालं. मग लगेच पुन्हा. मग घाईघाईने, मोजता येऊ नये असं.

दिशा स्टुलावरून उठली. मनवाच्या बरगड्यांखालची कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती.

"ताई, सक्शन."

आकांक्षाने वर पाहिलं आणि मोबाईल टाकून मशीन चालू केलं. बारीक नळी ट्यूबमध्ये सरकवली. ती टोकाशीच अडली.

"आत जात नाहीये."

"पुन्हा."

"नाही जात, सिस्टर. काहीतरी घट्ट आहे." मनवाच्या पायाच्या अंगठ्याला लावलेल्या, ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्राने टीटी करायला सुरुवात केली. तिचे ओठ जांभळट व्हायला लागले होते. "या, या लवकर आत."

दिशाचं एक पाऊल उंबऱ्यावर होतं. हे काम तिने इतक्यांदा केलं होतं की बोलत बोलत उरकलं असतं. तिला हेही ऐकू येत होतं की बुचाच्या बाजूने थोडी हवा अजून सुळसुळत जातेय. थोडा वेळ होता, फार नव्हता. आणि त्या थोड्या वेळात तिला या घरातल्या सगळ्या रात्री दिसल्या, ज्यांत ती नसणार होती.

यंत्रावरचा आकडा ऐंशीच्या खाली गेला की आत जायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

"मला सुतक आहे," ती म्हणाली.

आकांक्षाला ते कळलंच नाही. मग कळलं. "नाटकं करू नका सिस्टर, ती निळी पडतेय."

"हात लावायचा नाही म्हणालात ना?"

आवाज ऐकून आजी धडपडत आल्या. त्यांनी नातीकडे पाहिलं आणि सगळं सोवळं तिथेच सुटलं. "ये गो बाय, ये. हात लाव. देवाक काय तां मी सांगतंय."

आता अडवणारं कुणीच उरलं नव्हतं. दिशा म्हणाली, "नाही."

आजी नातीच्या उशाशी धावल्या.

"आकांक्षा, इकडे बघ," दिशा म्हणाली. ताई गळून पडलं होतं, त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. "उशाला नवी ट्यूब आहे. पाकीट फोड. टॉवेलची गुंडाळी खांद्याखाली घाल. मान मागे."

"तू माणूस आहेस की कोण आहेस?"

"पाकीट फोड. शिव्या मागाहून दे."

आकांक्षाने दाताने पाकीट फाडलं. ती रडत होती आणि रडता रडता दिशाला असं काही बोलत होती, जे गणपतीच्या घरात कुणी बोलत नाही. दिशा उंबऱ्यावरून एकेक गोष्ट सांगत गेली, रुक्ष, सपाट आवाजात. आजी, तिचे हात धरा. गळ्याभोवतीची फीत काप. जुनी काढ. ओढ सरळ बाहेर.

जुनी ट्यूब निघाली. गळ्याचं भोक उघडं पडलं. आकांक्षाने नवी ट्यूब टेकवली आणि ती कडेला घसरली. मनवाचं अंग ताठ झालं. आकांक्षा मागे सरली, इस्पितळात सरली होती तशीच, आणि डोळे मिटून ट्यूब धरलेला हात तिने दाराकडे पुढे केला. घे, असं.

आकडा ऐंशीच्या खाली गेला होता. दिशा आत आली होती. आकांक्षाच्या पाठीशी अगदी लागून उभी होती, हात लांब करून. ती ट्यूब घेणारच होती.

तेवढ्यात आकांक्षाने डोळे उघडून मनवाकडे पाहिलं. काय पाहिलं कोण जाणे, तिने पुढे केलेला हात मागे घेतला.

"वाकडी बाजू खाली," दिशा तिच्या कानाशी म्हणाली. "डोळे मिटू नकोस. वरून आत, मग खाली. ढकलू नको, सोड तिला. जाऊ दे."

ट्यूब गेली.

"आतली काडी काढ. लगेच."

ट्यूब घालण्यापुरती तिच्या आत असलेली काडी निघाली आणि हवा फुस्स करून आत शिरली. मनवा खोकली, एवढी खोकली की आत उरलेला कफाचा सुकलेला गोळा उडून आकांक्षाच्या नव्या साडीवर पडला. पुन्हा खोकली. ओठांचा जांभळा रंग हळूहळू उतरत गेला. यंत्र गप्प झालं. खाली रस्त्यावर ढोल वाजत होते, ते आता ऐकू आले.

दिशाने लांब केलेला हात मागे घेतला. तो आकांक्षाने पाहिला नव्हता. आजींनी पाहिला होता.

आकांक्षाने फीत बांधली. मनवाला उचलून घेतलं, घट्ट धरलं आणि जमिनीवर बसून ओक्साबोक्शी रडली. दिशाच्या मनात होतं म्हणावं, छान केलंस. म्हणावं, आता मला रात्री झोप लागेल. पण तिच्या तोंडाला ते वळण नव्हतं.

"गाठ सैल आहे," ती म्हणाली. "एक बोट जाईल एवढीच ठेव. आणि टोपी लाव."

आकांक्षाने गाठ सोडून पुन्हा बांधली. आजींनी टेबलावरची टोपी आणून दिली, ती लावली. मग आकांक्षाने दिशाकडे पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हतं.

"तुम्ही उभं राहून बघत होतात."

"हो."

"माझी पोर मरत होती आणि तुम्ही मला धडा शिकवत होतात."

"आज शिकला नसतात तर पुन्हा कधी शिकला नसतात."

"आणि नसतं जमलं मला?"

दिशाकडे उत्तर होतं. मी हात पुढे केला होता, असं ती सांगू शकली असती. तिने सांगितलं नाही. कारण आकडा खाली गेल्यावरही ती क्षणभर उंबऱ्यावरच थांबली होती आणि तो थांबलेला क्षण तिला चांगला आठवत होता.

तेवढ्यात आईच्या खांद्यावरून मनवाने दिशाला पाहिलं. भेदरलेली पोर, घामाने केस कपाळाला चिकटलेले. तिने तोंड वासलं, डोळ्यांतून धारा लागल्या आणि तिने दोन्ही हात दिशाकडे पसरले. दिशाने न ठरवताच पाऊल पुढे टाकलं.

आकांक्षा उठली आणि पोरीला घेऊन मागे झाली.

"हात लावायचा नाही," ती म्हणाली. "तुम्हाला सुतक आहे ना?"

दिशा जिथे होती तिथेच थांबली.

"उद्यापासून येऊ नका. एजन्सीला मी सगळं सांगणार आहे. या घरातच काय, दुसऱ्या कुठल्या मुलाच्या जवळही तुम्हाला जाऊ देता कामा नये."

"सांगा," दिशा म्हणाली. एजन्सी या वेळी पोटात घालणार नाही, हे तिला दिसत होतं. कुठल्या तोंडाने घालेल? मनवाचे हात अजून पसरलेलेच होते. ते बघवेना म्हणून दिशाने पिशवी उचलली.

हॉलमधून जाताना तिने गणपतीकडे पाहिलं नाही. दाराशी येऊन ती चप्पल घालायला वाकली, तेव्हा मागून आजींची पावलं आली. दिशाला वाटलं, आता तरी विचारतील. कोण गेलं तुझं, एवढंच. आजींच्या हातात गोमूत्राची वाटी होती. दिशा ज्या वाटेने आत आली होती आणि ज्या वाटेने आता बाहेर पडली होती, तिच्यावर त्या खाली मान घालून शिंपडत आल्या, उंबऱ्यापर्यंत.

एका पायात चप्पल गेली होती. तेवढ्यात आतून कठड्यावर टकटक झालं, दोनदा. दिशाचं अंग सवयीने वळलं.

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आले गं," आकांक्षा म्हणाली. "आले, आले."

टकटक थांबली. दिशाने दुसरी चप्पल घातली. लिफ्ट दर्शनाला निघालेल्या माणसांनी भरून खाली जात होती, तिच्यासाठी थांबली नाही. ती जिन्याने उतरायला लागली. चंदूकाका गेल्यापासून तिच्या डोळ्याला पाणी आलं नव्हतं. दोन मजले उतरेपर्यंत तिला समोरची पायरी दिसेनाशी झाली आणि ती कठडा धरून तिथेच बसली.